आईंचा डबा

प्रिय टकटक,

हे नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा ते वापरायचा हक्क अजून माझ्याकडे असावा असं धरून चालते. आधी 'प्रिय सूनबाई' लिहिलं आणि खोडलं. तुमचा घटस्फोट होऊन येत्या महिन्यात तीन वर्षं होतील, त्यामुळे सून म्हणायची सोय राहिलेली नाही. मग नुसतं तुझं नाव लिहून पाहिलं, तर ते आमच्या चिरंजीवांच्या दवाखान्यातून जाणाऱ्या 'दात तपासायची वेळ झाली' या पत्रासारखं दिसायला लागलं. म्हणून टकटक. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की भिंतीत उंदीर शिरलाय. रोज सकाळी कान लावून बसायचे. नंतर कळलं की पलीकडच्या खोलीत सून कामाला बसलीय आणि तिच्या बोटांना दम म्हणून नाही. तुला ते सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की कपातला चहा कीबोर्डवर सांडला, आणि दुसरा कीबोर्ड येईपर्यंत घरात शांतता होती.

माझं बरं चाललंय. उजवा अंगठा पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरतो, हाताची थरथर थोडी वाढलीय, पण काम सोडलेलं नाही. लोक अजून जाडजूड पुस्तकं लिहितात आणि अजून त्यांना शेवटी सूची हवी असते. कुठलं नाव, कुठला विषय, कोणकोणत्या पानांवर. गेल्या दोन महिन्यांत पुलांवरच्या एका पुस्तकाची सूची करत होते. सहाशे चाळीस पानं. लेखक इंजिनिअर आहेत आणि त्यांना एकच पूल चार नावांनी ओळखायची हौस आहे. निम्मं काम झालं होतं, आणि एका सकाळी हॉलमधल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. आधी पंख्याचा आवाज वाढला, मग कपडे करपल्यासारखा वास आला, मग पडदा गेला. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी तो उघडून पाहिला. म्हणाल्या, फाइली सगळ्या काढून देते, पण या यंत्रात आता जीव नाही.

चिरंजीवांनी दोन दिवसांत नवा आणून टेबलावर ठेवला. दिसायला झकास आहे. पण माझा काळा पडदा त्यात नव्हता. 'शोध' नाही, 'लाव' नाही, 'पसारा' नाही. मी त्याला म्हटलं, माझे शब्द कुठे गेले? तो म्हणाला, "आई, आता सगळं माउसनं होतं. चित्रावर टिचकी मारायची की झालं." तीन दिवस मी टिचक्या मारल्या. माझा हात तुला माहीत आहे. 'जतन करा'वर नेम धरला की बाण शेजारच्या 'रद्द करा'वर जाऊन बसतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकोणनव्वद नोंदी अशा रद्द केल्या आणि माउस उचलून कपाटात ठेवून दिला. तो तिथेच आहे.

मग मला तू आलीस त्याच्या दुसऱ्या वर्षीचे ते दोन रविवार आठवले. तोवर माझी एकतीस वर्षं कार्डांवर गेली होती. बुटांच्या खोक्यांत कार्डं, अक्षराप्रमाणे लावलेली, आणि कुणी जोरात दार लोटलं तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. तू शेजारी स्टूल घेऊन बसलीस आणि कॉम्प्युटरबद्दल चकार शब्द काढला नाहीस. फक्त विचारत राहिलीस, "आई, आत्ता हातानं काय केलंत?" मी म्हणायचे, शोधलं. "आता?" आता क्रमानं लावलं. "आता?" आता मोजलं. असे तू बावीस शब्द जमवलेस आणि पुढच्या रविवारी ते सगळे त्या काळ्या पडद्यावर चालायला लागले. 'शोध कमान' लिहिलं की कमानीची सगळी पानं समोर. 'पसारा' म्हटलं की माझ्या सगळ्या फाइलींची यादी. 'आवर' म्हटलं की पडदा स्वच्छ. तोपर्यंत काळा पडदा म्हणजे कॉम्प्युटर बिघडला, एवढंच मला ठाऊक होतं.

त्याच कॉम्प्युटरवर आमचे चिरंजीवही बसायचे. त्यांना घरातलं काहीही 'अपडेट' करायची सवय. एकदा त्यांनी दातांचे फोटो बघायचा कसलासा प्रोग्रॅम घातला आणि माझे बावीसपैकी नऊ शब्द मुके झाले. दुसऱ्यांदा साफसफाई केली, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले. मला वाटलं, आता तुमचं भांडण होणार. त्याऐवजी चार संध्याकाळी बसून तू माझ्यासाठी वेगळी व्यवस्था केलीस आणि मला सांगितलंस, "आई, हा कॉम्प्युटरच्या आतला एक बंद डबा आहे. तुमचे शब्द, तुमची अक्षरं, त्यांना लागणारे सगळे प्रोग्रॅम यात. बाहेर कुणी काही बदललं तरी याला धक्का लागत नाही, आणि आत तुम्ही काहीही सांडलंत तरी बाहेर डाग पडत नाही." मी विचारलं, डबाच बिघडला तर? तू म्हणालीस, "फेकायचा. कृती लिहून ठेवलीय, तीवरून दुसरा करायचा." मला वाटलं होतं, करणारी तूच असशील.

तुझी कृती मला बटणांच्या खणात सापडली. पाकिटात पेनड्राइव्ह आणि पाकिटावर तुझ्या अक्षरात, 'आईंचा डबा. कॉम्प्युटर बदलला तर.' तू ते कधी ठेवलंस, मला पत्ता नाही. तू गेल्यापासून मी त्याच खणातून बटणं काढतेय. आत दोन फाइली होत्या. एक कृतीची आणि दुसरी 'आधी हे वाचा' नावाची. त्या दुसरीत तू कॉम्प्युटरवर काय बसवायचं, कुठल्या क्रमानं बसवायचं, हे मी लहान मूल असल्यासारखं लिहिलं होतंस, आणि मला राग आला नाही, कारण मला तसंच हवं होतं. कृती म्हणजे साधी यादी. अमुक पाया, म्हणजे तळाचा मूळ प्रोग्रॅम, घे, त्यावर हे प्रोग्रॅम घाल, मराठी अक्षरं घाल, पडद्यावरचा ठसा मोठा ठेव, मग हे बावीस शब्द. एकूण सतरा पायऱ्या. मी हुकूम दिला आणि खुर्चीत ताठ बसले. चौथ्या पायरीला लाल अक्षरांत काहीतरी आलं आणि सगळं थांबलं.

लाल अक्षरं मी तीन वेळा वाचली. आयुष्यभर लोकांची न कळणारी पुस्तकं वाचून त्यातलं नेमकं काय कुठे आहे हे सांगायचा धंदा केलाय. इथेही तेच केलं. प्रत्येक अनोळखी शब्द कागदावर लिहिला, कुठे कुठे येतो ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. तू जो पाया धरला होतास तो आता इतका जुना झालाय की त्याचं सामान जिथून यायचं, ती जागाच बंद झाली. पहिल्या ओळीत त्या पायाच्या आवृत्तीचा आकडा होता. मी त्याच्या जागी नवा आकडा घातला. मांजराच्या शेपटीला हात लावल्यासारखा लावला, खोटं कशाला बोलू. आणि चौथी पायरी पार झाली गं! मी एकटीच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. मग नवव्या पायरीला पुन्हा लाल. तिथे मराठी अक्षरांच्या संचाचं नाव बदललं होतं. ते शोधायला आणखी दोन दिवस. सहाव्या दिवशी सतरापैकी सतरा पायऱ्या झाल्या.

पण मला तुला सांगायचंय ते पायऱ्यांबद्दल नाही. कृतीत ओळींच्या मध्ये मध्ये तू टिपा लिहिल्या आहेस. ज्या ओळीच्या सुरुवातीला ती आडवी-उभी जाळी (#) असते, ती कॉम्प्युटर सोडून देतो. ती माणसांसाठी असते, हेही तूच 'आधी हे वाचा'त लिहिलंयस. बिघाड शोधायच्या निमित्तानं मी त्या सगळ्या वाचल्या. 'अक्षर मोठं ठेवलंय. आई चष्मा विसरतात आणि विसरला म्हणून सांगत नाहीत.' मग, 'काढ म्हटलं तरी फाइल खरी काढायची नाही, तीस दिवस “सापडेल” नावाच्या कप्प्यात ठेवायची. आई रागात काढतात आणि दुसऱ्या दिवशी शोधतात.' मग, 'क्रम लावताना क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी. कॉम्प्युटर त्यांना क आणि ज यांच्या खाली घालतो, ते आईंना चालत नाही. वाद घालू नये.' या टिपेला मी मोठ्यानं हसले. आणि मग, 'दर चाळीस मिनिटांनी हात मोकळे करायची आठवण. आधी तीसवर ठेवली होती, आई चिडल्या.'

फाइलीच्या तळाशी तारीख होती. शेवटचा बदल. मी सूची करणारी बाई, तारीख दिसली की ती कशाच्या शेजारी बसते ते आधी बघते. तू घर सोडलंस त्याच्या आधीचा रविवार होता तो. आणि त्या दिवशीची टीप अशी, 'यापुढे हे आईंनी एकटीनं चालवायचं आहे, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून ठेवते.' त्या रविवारी तू दिवसभर टकटक करत होतीस. मला वाटलं होतं, नव्या नोकरीची तयारी करतेयस आणि माझ्याशी बोलायचं टाळतेयस. मी तुला चहासुद्धा विचारला नव्हता.

त्याच्या आदल्या बुधवारचं जेवण तुला आठवत असणार. तुला मिळालेली वेधशाळेतली नोकरी, दोन वर्षं दुसऱ्या शहरात, वादळाचा अंदाज बांधणाऱ्या त्या मोठ्या कॉम्प्युटरांवर काम. तू दोन वर्षंच म्हणत होतीस, सुट्टीला येईन म्हणत होतीस. चिरंजीव म्हणाले, "जायचं तर जा, पण परत येणं गृहीत धरू नकोस." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याचा जग उचलला आणि भरायला आत गेले. जग अर्धा भरलेला होता, ते तुलाही दिसलं असेल. मी आत ओट्याजवळ उभी राहिले आणि तुम्ही दोघं उठेपर्यंत बाहेर आले नाही. नंतर सगळ्यांना वाटलं, तुलाही वाटलं असेल, की मी मुलाची बाजू घेतली किंवा त्याच्या रागाला घाबरले. दोन्ही खरं नाही. त्याला मी कशाला घाबरू, त्याचे दुधाचे दात मी पाडलेत. खरं असं आहे की तू जाऊ नयेस असं मलाच वाटत होतं. घरात तू होतीस म्हणून मला बोलायला माणूस होतं, शब्द मुके झाले तर दुरुस्त करणारं माणूस होतं. तो अडवतोय तर अडवू दे, म्हणजे मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही, असा हिशेब मी ओट्याजवळ उभी राहून केला. 'जाऊ दे तिला, दोन वर्षं म्हणजे काय' एवढं मी म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का, कोण जाणे. पण तुला ते ऐकू आलं असतं. मी चुकले. नंतर नवीन वर्षाला तू मला 'इथेच कायम झाले' असा दोन ओळींचा निरोप पाठवलास, त्याचं उत्तर लिहायला बसायचे आणि पहिलं वाक्य हेच यायला हवं असं वाटायचं, म्हणून उठायचे.

आता चिरंजीवांचं सांगते. डबा तयार झाला त्या दिवशी, जुन्या फाइली नंतर आणू म्हणून, मी नव्या दोनशे बारा नोंदी घातल्या. संध्याकाळी बंद केला, सकाळी उघडला, तर एकही नोंद नाही. 'पसारा' म्हटलं, तर रिकामं. 'सापडेल' कप्पासुद्धा रिकामा. मी खुर्चीत बसून राहिले. दुपारी तो जेवायला घरी आला आणि मला तसं बघून घाबरलाच. त्याला वाटलं, तब्येत. मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे, नोंदी गेल्या. तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दाखव काय केलंस ते." मी तुझी फाइल उघडून दिली. तो वरपासून वाचायला लागला. चष्म्याच्या टिपेला हसला. क्षच्या टिपेला माझ्याकडे बघितलं. मग ती ओळ आली, मी ती विसरले होते, नाहीतर आधी झाकली असती. त्यानं ती मोठ्यानं वाचली. 'हॉलमधला कॉम्प्युटर घरातलं आणखी एक माणूस वापरतं आणि न विचारता अपडेट करतं. नाव लिहीत नाही. म्हणून हा डबा.' वाचून तो हसायला लागला आणि हसता हसता थांबला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आई, ती चार संध्याकाळी इथे बसली होती तेव्हा मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं की काय करतेयस." मी चष्मा पुसून त्याच्या हातात दिला.

चूक त्यानंच शोधली, हे मान्य करायला हवं. डबा उघडायचा हुकूम तू एका लांबलचक ओळीत लिहिला होतास आणि मी हात दुखतो म्हणून तो अर्ध्यातच टाइप करत होते. राहिलेल्या अर्ध्यात असं होतं, की बाहेर कॉम्प्युटरवर ठेवलेलं माझ्या फाइलींचं कपाट डब्याच्या आतून दिसू दे. ते न लिहिल्यामुळे माझ्या नोंदी डब्यातच राहत होत्या आणि डब्याबरोबर जात होत्या. त्यानं पूर्ण ओळ लिहिली आणि तिला 'उघड' असं एका शब्दाचं नाव दिलं. ते करायच्या आधी मला विचारलं, बरं का. "आई, हे तुझ्या फाइलीत घालू का?" असं. जेवण गार झालं होतं, ते त्यानं तसंच खाल्लं. दवाखान्यात परत जाताना दारात थांबून विचारलं, "ती कशी आहे, तुला काही कळतं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग विचार की." मनात काही ठेवून विचारत होता असं मला वाटलं नाही. तुमच्या दोघांचं जे संपलं ते संपलं, त्यात मी पडत नाही. पण तो आता दवाखान्यातल्या त्याच्या मदतनीस बाईंना, त्या काय करतायत ते विचारतो म्हणे. त्या मला भेटल्या तेव्हा काळजीनं म्हणाल्या, "डॉक्टरांना बरं नाही का?"

दोनशे बारा नोंदी मी पुन्हा घातल्या. चाळीस मिनिटं झाल्यावर पडद्यावर आलं, 'आई, हात मोकळे करा.' मी चिडले नाही. पुलांची सूची ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी गेली, क्ष आणि ज्ञ शेवटी. इंजिनिअर साहेबांनी एक चूक काढून पाठवली आणि ती त्यांचीच निघाली. आता चिरंजीवांचा 'उघड' धरून माझे शब्द सत्तावीस झालेत. चार मी स्वतः घातले. त्यातला 'जुळव' नावाचा शब्द एकाच पुलाची चार नावं एका जागी आणतो. तो लिहायला मला पाच दिवस लागले, तू असतीस तर पाच मिनिटं. पण तो चालतो, आणि त्याच्या वर जाळीची खूण घालून मी माझी पहिली टीप लिहिलीय. 'हे मी केलंय, त्यामुळे बिघडलं तर मला विचारा.' हे पत्रही डब्यातच बसून लिहितेय.

तर आता कारण. पुलांच्या पुस्तकाच्या संपादकबाईंनी फोन करून विचारलं की या वयात, या हातांनी, एवढी सूची इतक्या लवकर कशी झाली. मी डब्याचं सांगितलं. त्यांच्या पुस्तकं काढणाऱ्या मंडळात अकरा सूचीकार आहेत, बहुतेक माझ्याच वयाचे, कुणाचे हात दुखतात, कुणाचे डोळे. त्यांना हे शिकवायला दोन दिवस याल का, असं त्यांनी विचारलंय, आणि त्यांचं मंडळ तुझ्या शहरात आहे. मी हो म्हटलंय, तारीख मात्र दिलेली नाही. फाइल तुझी आहे. अकरा जणांना वाटायची तर तुझी परवानगी हवी आणि वर तुझं नाव हवं. एवढंच असतं तर मी दोन ओळींचा निरोप पाठवला असता. पण मला तुला भेटायचंय. तुझ्याकडे उतरणार नाही, राहायची सोय मंडळ करतंय. वर्गाला येऊन मागच्या बाकावर बस, मी अडले तरी उठू नकोस, अडून अडून पुढे जाता येतं हे मला त्या अकरा जणांना दाखवायचंय. संध्याकाळी मात्र मला तुमच्या वेधशाळेत घेऊन चल आणि वादळं कशी ओळखता ते सांग. तू तिथे नक्की काय काम करतेस, हे मीही तुला कधी विचारलं नव्हतं. तुला जमेल तो दिवस कळव, तोच मी त्यांना सांगेन.

तुझीच,
आई